उल्लेखनीय किराणा व भुसार

रस्त्यावरची दुकाने ज्ञानकोशात असावीत की नसावीत, हा प्रश्न छापील कोशांना कधी पडला नाही. कागद महाग होता, खिळे हाताने जुळवावे लागत आणि संपादकांना 'अ'पासून निघून 'ज्ञ'पर्यंत धडपणे पोहोचायचे असे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले ते मर्यादित कंपनी स्थापून, तिचे भाग विकून. म्हणजे कोश हेच एक दुकान होते. पण शेजारच्या वाण्याची नोंद आपल्यात घ्यावी, असे त्या दुकानाला वाटण्याचे काही कारण नव्हते. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. या ३९ वर्षांशेजारी महाराष्ट्रातला दुकानाचा गाळा ठेवून पाहावा. गाळा 'लीव्ह अँड लायसन्स'वर देण्याचा रूढ करार ११ महिन्यांचा. प्रत्येक करार संपताच भाडेकरू बदलला असे धरले, तर पहिल्या खंडापासून विसाव्यापर्यंत एकाच गाळ्यात ४२ दुकाने येऊन जातात आणि त्रेचाळिसावे निम्म्यावर आलेले असते. विश्वकोशाने दुकानांच्या वाटेला जाण्याचे टाळले, हे दोघांच्याही प्रकृतीला मानवले.

आंतरजालावर कागद संपत नाही, आणि तिथूनच भानगडीला सुरुवात झाली. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी उघडला, मराठी १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून. कोणीही यावे आणि लिहावे, असे जाहीर केल्यावर माणसे आधी काय लिहिणार? अणुगर्भाची रचना लिहिणारे थोडे; आपल्या गल्लीबद्दल लिहिणारे पुष्कळ. इंग्लंडातल्या छोट्या शहरांवरच्या लेखांत 'हाय स्ट्रीट' नावाचा एक परिच्छेद उगवू लागला. गावात एक बेकरी, दोन पब, एक केशकर्तनालय आणि टपाल कचेरी आहे, असे त्यात मोठ्या मायेने लिहिलेले असे. दोन-तीन वर्षांनी एक पब बंद होई, टपाल कचेरीच्या जागी कॉफीचे दुकान येई आणि लेखातला पब मात्र रोज संध्याकाळी उघडाच राही. मग कोणीतरी पब खोडी, दुसरा कॉफी घाली, तिसरा येऊन सगळा परिच्छेदच उडवी आणि कारण देई की हा ज्ञानकोश आहे, दुकानांची यादी नव्हे. चौथा विचारी की गावात दुकानेच नाहीत असे भासवणे हे तरी ज्ञान कसे? हा वाद अजून मिटलेला नाही.

मराठीत हाच प्रश्न पाहायचा तर मोरवा गाव सोयीचे आहे. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या समुद्राकडे जाणाऱ्या पट्ट्यात राई, मुर्धा आणि मोरवा ही गावे एकमेकांना इतकी खेटून आहेत की वर्तमानपत्रे तिघांना एकच जोडनाव देऊन मोकळी होतात. भोवती मिठागरे, खाडी आणि खारफुटी. जुनी वस्ती मुख्यतः आगरी समाजाची. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपालिका झाली तेव्हा हा भाग तिच्या बाहेर होता. १९९० मध्ये आसपासच्या ग्रामपंचायतींबरोबर तो आत घेतला गेला आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाल्यावर गावाला घरबसल्या महानगरात राहायला मिळाले. शहराची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात होती. २००१ मध्ये ती पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. इतकी माणसे आली की ती पहिल्या दिवशी दूध शोधतात, दुसऱ्या दिवशी प्लंबर शोधतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांतला एखादा स्वतःच गाळा शोधू लागतो.

मराठी विकिपीडियावर गावांचे हजारो लेख आहेत आणि त्यांतले पुष्कळ एकाच साच्यातून निघालेले आहेत. राज्य, जिल्हा, तालुका, अक्षांश, रेखांश, जवळपासची गावे आणि हवामान, एवढ्यावर गाव आटोपते. पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो, उन्हाळ्यात उकडते, हिवाळ्यात बरे वाटते. कोकणपट्टीत पावसाळ्यात पाऊस पडतो, ही माहिती संदर्भ न देताही चालून जाते. त्याच गावात दळण कुठे मिळते, ही मात्र चालत नाही. परगावच्या माणसाला या दोहोंपैकी नवे काय वाटेल, हा विचार साचा बनवताना कोणाच्या डोक्यात आलेला दिसत नाही.

मुंबईच्या उंबरठ्यावरच्या अशा गावातल्या दुकानांना एक क्रम असतो आणि तो बऱ्यापैकी ठरलेला असतो. सगळ्यांत जुना थर वाण्याचा: किराणा, भुसार, रॉकेल आणि उधारी. त्याच्या बाजूला पिठाची गिरण. मग कुठेतरी हार्डवेअरचे दुकान उघडते, आणि जाणकाराने तेव्हाच समजावे की आता शहर येणार. हार्डवेअरवाल्याला ही वर्दी नगररचना खात्याच्या आधी कशी मिळते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पहिल्यांदा पत्रे, खिळे आणि पाण्याच्या टाक्या. मग टाइल्स आणि नळ. मग इस्टेट एजंट, ज्याच्या दुकानात विकायला काहीच नसते, फक्त एक टेबल, तीन खुर्च्या आणि काचेवर चिकटवलेले कागद असतात. इमारती उभ्या राहिल्या की मेडिकल, डेअरी, इस्त्रीवाला, ब्यूटी पार्लर आणि शिकवणीचा वर्ग. वस्ती स्थिरावली की केकचे दुकान. वाढदिवसाला शिऱ्याऐवजी केक आणणारी पन्नास कुटुंबे जमली की ते उघडते आणि त्यांतली तीस ऑनलाइन मागवू लागली की बंद होते. संध्याकाळी या सगळ्यांसमोर चायनीजची गाडी लागते. तिला गाळा नसतो, करार नसतो आणि बहुधा पत्ताही नसतो. तरी सगळ्यांत जास्त वर्षे तीच टिकते.

कोशकाराची खरी पंचाईत मात्र बदलण्याच्या वेगापेक्षा दुकान म्हणजे नक्की काय, हे ठरवण्यात होते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नाक्यावर असा एक गाळा दाखवता येतो, जिथे १९९० च्या दशकात एसटीडी-आयएसडी-पीसीओची पिवळी पाटी होती. काचेच्या खोक्यात माणूस ओरडून बोलत असे आणि बाहेर मीटरचे लाल आकडे धावत असत. मोबाइल आल्यावर तिथे झेरॉक्सचे यंत्र आले. मग दोन संगणक आणून सायबर कॅफे झाला. मग रिचार्ज, मग रेल्वेची तिकिटे, मग आधार आणि पॅन कार्डाचे अर्ज. आता ऑनलाइन मालाची परत पाठवायची पार्सले तिथेच ठेवतात. या सगळ्या काळात काउंटरमागे बसलेला माणूस एकच आहे आणि त्याच्या डोक्यावरचा पंखाही तोच आहे. हे एक दुकान, की सात? उलट दुसरीकडे पाटी तीच राहते आणि आतला मालक, माल, चव आणि भाव सगळे बदलते. मालक भावाभावांत वाटणी करतात तेव्हा एकाच नावाची दोन दुकाने भिंतीला भिंत लावून उभी राहतात. एकावर 'मूळ' लिहिलेले असते, दुसऱ्यावर 'जुने'. यांपैकी कोणाची नोंद घ्यावी, याचा निर्णय ज्ञानकोशाने देण्याआधी दिवाणी न्यायालयाने द्यावा लागतो, आणि तिथला वेग पाहता विश्वकोशच चपळ ठरतो.

पाट्यांचा इतिहास सरकारने थोडा सोपा केला आहे. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असेही त्यात आहे. आणि जिथे दारू मिळते त्या दुकानाला थोर पुरुषांचे वा गडकिल्ल्यांचे नाव देऊ नये, हीही अट आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्या दोन महिन्यांत महाराष्ट्रातल्या पाट्या रंगवणाऱ्यांची दिवाळी झाली. कोशाच्या दृष्टीने याचा एक लाभ असा की दुकानाच्या नावाचे मराठी लेखन आता अधिकृत मिळते, मग ते कितीही धाडसी असो. 'कलेक्शन', 'कॉर्नर', 'एंटरप्रायझेस' आणि 'लाइफस्टाइल' हे शब्द मराठीत आले की नाहीत, यावर शब्दकोशवाले अजून विचार करत असतील. पाटीवर ते मोठ्या अक्षरांत येऊन बसले आहेत.

आता मुक्त ज्ञानकोशाचे नियम पाहू. पहिला उल्लेखनीयतेचा. एखाद्या विषयावर त्रयस्थ, विश्वासार्ह आणि प्रकाशित साधनांत पुरेसे लिहिले गेले असेल, तरच त्याच्यावर स्वतंत्र लेख असावा. दुसरा मूळ संशोधनाचा: लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले, स्वतः चाखले आणि स्वतः पैसे मोजले, हे साधन ठरत नाही. तिसरा, ज्ञानकोश ही व्यापारसूची नव्हे. भाव, वेळा आणि दूरध्वनी क्रमांक इथे मिळणार नाहीत. तिन्ही नियम शहाणपणाचे आहेत. तिन्ही एकत्र लावले की मोरव्यातल्या किराणा दुकानाचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

समजा, कोणा उत्साही सदस्याने लिहिले की गावात एक किराणा दुकान आहे. प्रचालक, म्हणजे विकिपीडियाची देखभाल करणारा स्वयंसेवक, विचारतो, संदर्भ? सदस्य म्हणतो, रोज सकाळी तिथूनच पाव आणतो. हे मूळ संशोधन झाले. बरे, दुकानाची जाहिरात जत्रेच्या पत्रिकेत छापून आली आहे. ती त्रयस्थ नाही, मालकाने पैसे दिले आहेत. स्थानिक वर्तमानपत्रात गणेशोत्सवाच्या शुभेच्छांमध्ये मालकाचा फोटो आहे, नगरसेवकाच्या डावीकडून चौथा. तो पुरेसा तपशील नाही. पाव रोज येतो, दूध रोज येते, उधारी रोज लिहिली जाते, पण साधनांच्या दृष्टीने दुकान अस्तित्वातच नाही. वाक्यामागे 'संदर्भ हवा' असे चिकटते आणि वर 'पानकाढा' साचा लागतो. गावातले निम्मे लोक ज्याच्याकडे उधार घेतात, त्या माणसाला उल्लेखनीय ठरवण्यासाठी अर्धे मराठी वाङ्मय धुंडाळावे लागते, आणि ते त्याच्याबद्दल बहुधा काहीच बोलत नाही.

नियम करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तेही दुकानदारांना ओळखून आहेत. दार उघडे ठेवले की आधी इतिहासकार येत नाहीत, जाहिरातदार येतात. एखाद्या दुकानावर लेख उगवतो आणि दुसऱ्या वाक्यात ते 'पंचक्रोशीतील सर्वांत विश्वासू' होते, तिसऱ्यात 'उत्कृष्ट सेवा' येते आणि चौथ्यात घरपोच मिळण्याची अट. तासाभरात शेजारचा दुकानदार येऊन 'विश्वासू'च्या आधी 'एके काळी' घालून जातो. विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे चर्चेच्या पानावर, वाद पेटतो आणि चार स्वयंसेवक, ज्यांनी ज्ञानेश्वरीच्या टीकाग्रंथांवरचे लेख सुधारायचे म्हणून सुटीचा दिवस काढून ठेवलेला असतो, ते एका फरसाण मार्टच्या वादात संध्याकाळपर्यंत अडकतात. या माणसांनी दार लावून घेतले, तर त्यांना नावे ठेवता येत नाहीत.

या दाराची मजबुती खुद्द विकिपीडियाच्या संस्थापकाने तपासून पाहिली आहे, अर्थात नकळत. सप्टेंबर २००७ मध्ये जिमी वेल्स दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या गुगुलेथू वस्तीत एका मांसाच्या दुकानात जेवला. म्झोलीज असे दुकानाचे नाव. मांस निवडायचे, तिथेच भाजून घ्यायचे आणि बाहेर बसून खायचे, असा तिथला प्रकार होता. वेल्सने त्यावर छोटासा लेख टाकला. बावीस मिनिटांत एका प्रचालकाने तो अनुल्लेखनीय म्हणून काढून टाकला. लेख परत आणला गेला, कडाक्याचा वाद झाला, पुष्कळांनी धावपळ करून संदर्भ गोळा केले आणि शेवटी लेख राहिला. दुकान खरोखरच प्रसिद्ध होते, असे त्या शोधाशोधीत निघाले. वाद एवढा गाजला की त्या वादाच्याच बातम्या मोठ्या वर्तमानपत्रांत आल्या. दुकानाला ज्ञानकोशात शिरण्याचा हा मार्ग पक्का आहे, पण त्यासाठी ज्ञानकोशाच्या मालकाला मटण खाऊ घालावे लागते.

एरवी दुकाने आत जातात ती तीन-चार वाटांनी. सरळ वाट म्हाताऱ्या होण्याची. मुंबईचे ब्रिटानिया उपाहारगृह १९२३ चे, पुण्याचे गुडलक १९३५ चे, कयानी बेकरी १९५५ ची. इतकी वर्षे टिकले की वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आपोआप येतात, आणि पुरवणी म्हणजे संदर्भ. पण ११ महिन्यांच्या कराराने सत्तर वर्षे गाठायची तर शहात्तर वेळा नूतनीकरण करावे लागते, आणि प्रत्येक वेळी गाळामालकाचा मुलगा अमेरिकेतून परत आलेला असता कामा नये.

दुसरी वाट वागण्याने प्रसिद्ध होण्याची. दुकानाची वेळ ज्ञानकोशात देऊ नये, या नियमाला महाराष्ट्रात एक ढळढळीत अपवाद आहे. पुण्याच्या चितळे बंधूंचे दुकान दुपारी एक ते चार बंद असते, ही माहिती महाराष्ट्रात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वर्षाइतकीच सर्वांना पाठ होती. २०१७ साली ते दुपारीही उघडे राहू लागले, त्याची बातमी देशभर झाली. दुकान उघडे आहे, ही बातमी होण्यासाठी आधी काही दशके ते बंद ठेवावे लागते. मोरव्यातला किराणावाला सकाळी सहाला उघडून रात्री अकराला बंद करतो आणि मधे शटर अर्धे ओढून तिथेच जेवतो. त्यामुळे त्याच्या वेळांबद्दल जगाला काही वाटत नाही.

तिसरी वाट मरणाची, आणि ती सर्वांत खात्रीची. मुंबईत फोर्टमधले स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ ला सुरू झाले आणि २०१८ ला बंद झाले. जहांगीर कलादालनातले समोवार उपाहारगृह १९६४ ते २०१५. दोन्ही बंद होताना त्यांच्यावर जेवढे लिहिले गेले, तेवढी गर्दी एखाद्या ओल्या मंगळवारी तिथे असती, तर कदाचित लिहावेच लागले नसते. काळा घोड्याचे रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले. पुढे ती जागा हिरेव्यापारी नीरव मोदीच्या ताब्यात गेली आणि मग सक्तवसुली संचालनालयाने जप्त केली. कॅसेटी आणि तबकड्या विकताना जी ख्याती मिळाली नव्हती, ती रिकाम्या कपाटांना कर्जबुडव्याने मिळवून दिली.

चौथी वाट दुर्घटनेची. कुलाब्याचे लिओपोल्ड कॅफे १८७१ पासून चालू आहे, पण जगाला ते २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यामुळे ठाऊक झाले. जवळचे उदाहरण मीरा रोडचेच आहे. २०२५ च्या जूनअखेरीस तिथल्या एका मिठाईच्या दुकानदाराला मराठी बोलण्यावरून मारहाण झाली. व्यापाऱ्यांनी बंद पाळला, त्याला उत्तर म्हणून जुलैमध्ये मराठीसाठी मोर्चा निघाला आणि काही दिवस देशातल्या सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे मीरा रोडला होते. त्या दुकानाने तोवर किती किलो पेढे विकले, किती बारशांना आणि किती निकालांना पुरवले, याची कुठल्याही साधनात नोंद नाही. एका थपडेची मात्र शेकडो साधनांत आहे. उल्लेखनीयतेचा नियम इथे अगदी चोख पाळला गेला, आणि त्याचे उत्तर असे विचित्र आले.

गंमत म्हणजे गावाकडे दुकानांची स्वतःची नोंदपद्धत आहे आणि तिचे नियम ज्ञानकोशाच्या नेमके उलट आहेत. तिथे चालू दुकानाला फारशी किंमत नसते. बंद पडलेले दुकान पत्त्यात येते. 'जुन्या व्हिडिओ लायब्ररीच्या समोर', 'पूर्वी गिरण होती तिथून डावीकडे'. रिक्षावाल्याला मोडकळीला आलेली खूण समजते, नवी कोरी समजत नाही. एकदा प्रसिद्ध ते कायमचे प्रसिद्ध, उल्लेखनीयता तात्पुरती नसते, असे विकिपीडियाचे एक तत्त्व आहे. ते पाळताना संपादकांना कष्ट पडतात, रिक्षावाल्यांना पडत नाहीत. पुण्यात गुडलकच्या नावाने चौक आहे. ठाण्यात कारखान्यांच्या नावाने नाके आहेत. घोडबंदरला महामार्गाच्या तोंडाशी असलेले फाउंटन हॉटेल वाहतूककोंडीच्या इतक्या बातम्यांत येते की तिथे कधीही न जेवलेले लाखो लोक त्याच्यासमोर तासन् तास थांबून आलेले आहेत.

मीरा-भाईंदरला या पद्धतीची अधिकृत परीक्षाच झाली. दहिसरहून इकडे येणाऱ्या मेट्रो ९ च्या स्थानकांची सुरुवातीची नावे रिक्षाच्या भाषेतच ठेवली होती: अमर पॅलेस, झंकार कंपनी, दीपक हॉस्पिटल. म्हणजे दुकाने आणि आस्थापने ज्ञानकोशाचे दार चुकवून एकदम नकाशावर चढली होती. पुढे नावे बदलली. अमर पॅलेसचे मिरागाव झाले, झंकार कंपनीचे काशीगाव, आणि दीपक हॉस्पिटललाही दुसरे नाव मिळाले. आस्थापनांच्या जागी गावे परत आली. निदान फलकावर तरी. मोरव्याच्या वाट्याला याच मेट्रोची कारशेड येणार होती. राई, मुर्धा आणि मोरव्याच्या जमिनीवर ती आखली गेली, गावकऱ्यांनी विरोध केला, आणि अखेर कारशेडचे ठिकाण डोंगरीला सरकले. ती झाली असती तर मोरव्याला ज्ञानकोशात भक्कम संदर्भांसह मोठा परिच्छेद मिळाला असता, आणि तो वाचायला गावाची जमीन उरली नसती. गावकऱ्यांनी जमीन पसंत केली.

दुकाने कोशात नसावीत म्हणणाऱ्यांना निरुत्तर करते ती जुनी पुस्तके. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहिले. त्यात देवळे आणि किल्ले तर आहेतच, पण त्या काळच्या बाजारांचेही वर्णन आहे, आणि आज अभ्यासक त्या पानांवर तुटून पडतात. त्या बाजारांत कोणी ज्ञानकोशाची उल्लेखनीयता तपासत बसले असते, तर कोळसा विकणारा आणि तपकीर विकणारा पहिल्याच फेरीत बाद झाले असते. १८८२ च्या सुमारास ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्यातल्या व्यापाराच्या प्रकरणात काय पिकते, काय विकते, माल कुठून कुठे जातो, हे साहेबाने कलेक्टर कचेरीतून बारकाईने गोळा करवले. त्याचा हेतू करवसुलीचा होता, इतिहासाचा नव्हे. पण आजच्या संशोधकाला हेतूशी कर्तव्य नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात मीठ कसे विकले जात होते, हे सांगता येते. १९९८ साली भाईंदर-उत्तन रस्त्यावर एसटीडीचे बूथ किती होते, हे सांगणारे छापील साधन शोधायला बसले तर पीसीओचा मीटर आठवतो: वेळ धावतो आणि हाती काही लागत नाही.

तडजोड निघू शकते, आणि तिच्यासाठी लागणारी घरे बांधून तयारही आहेत. दुकानाचे नाव आणि नेमकी जागा यांसाठी २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा मुक्त नकाशा आहे. त्यात किराणा, केशकर्तन, हार्डवेअर असे दुकानांचे प्रकार नोंदवता येतात, आणि गाळा रिकामा असेल तर 'रिकामा' असेही लिहिता येते. रिकाम्या गाळ्याला मान देणारे जगातले बहुधा हेच एक साधन. प्रवाशाने कुठे खावे आणि कुठे राहावे, हे विकिव्हॉयेज या मुक्त प्रवासकोशावर लिहायला मोकळीक आहे. रस्त्याचे तारखेसह काढलेले छायाचित्र विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर टाकावे. पन्नास वर्षांनी पाट्या वाचायला लोक भिंग घेऊन येतील. खाजगी नकाशांवरही दुकाने असतात, पण तिथे मेलेल्या दुकानावर 'कायमचे बंद' अशी लाल अक्षरे येतात आणि त्याच्याखाली एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाने दिलेला एक तारा कायम लुकलुकत राहतो.

ज्ञानकोशाच्या लेखात मग उरते ते दुकानांचे प्रकार आणि त्यांचा क्रम. मोरव्यावर असा परिच्छेद लिहायचा झाला तर तो काहीसा असा होईल: गावाचे जुने व्यवहार शेती, मीठ आणि मासळीभोवती होते, भाईंदरची वस्ती वाढल्यावर रस्त्यालगत बांधकाम साहित्य, किरकोळ किराणा, औषधे आणि खाद्यपदार्थांची दुकाने आली, अमुक साली स्थिती अशी होती. नाव कोणाचेच नाही, तारीख मात्र हवी. तारीख दिली की वाक्य शिळे झाले तरी खोटे होत नाही. असा मसुदा धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, लिहून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. मुख्य लेखात नेताना पुन्हा संदर्भ विचारला जाईल, आणि तो विचारणे योग्यच आहे. महापालिकेचे अहवाल, जनगणनेच्या पुस्तिका, गावांच्या वाढीवरचे प्रबंध यांत शोधले तर एखाद-दुसरे वाक्य सापडू शकते. सांगकाम्या नावाची स्वयंचलित यंत्रणा येऊन वर्ग, शुद्धलेखन आणि दुवे ठीक करून जाते. तिला किराणा लागत नसल्याने मजकुराशी तिचे भांडण नसते.

सगळ्यांत परिपूर्ण साधन मात्र याही पद्धतीत बसत नाही. ते वाण्याच्या काउंटरखाली असते: लाल कापडाची, लांबट, दोऱ्याने बांधलेली उधारीची वही. तिच्यात तारीख आहे, माल आहे, वजन आहे, भाव आहे आणि घरोघरचा हिशोब आहे. कोणत्या महिन्यात गावाने साखर कमी घेतली, कोणाकडे लग्न निघाले, लॉकडाउनमध्ये कोणी किती महिने पैसे दिले नाहीत, कोण गाव सोडून गेला आणि किती ठेवून गेला, हे सगळे तिथे स्वच्छ अक्षरात आहे. नियमानुसार ती अप्रकाशित असल्याने संदर्भ म्हणून देता येत नाही. ती प्रकाशित करावी, अशी सूचना वाण्याला केली तर तो नाही म्हणणार नाही. पानोपानी ज्यांची नावे आहेत, ते म्हणतील.